दोन चुली तोलणारा काटा

माणसं तोलायचा मी एक जुना काटा. मित्रांनो, भुसाराच्या दुकानातला तराजू माझ्याच जातीचा, पण ज्वारी किंवा तूर माझ्या वाट्याला कधी आली नाही. मुंबईच्या एका कारखान्यात मला ओतलं, दांडीवर रत्तलाचे, म्हणजे पौंडाचे, आकडे कोरले आणि मालगाडीतून पूर्णा जंक्शनला उतरवलं. तेव्हा इकडे निजामाचं राज्य होतं. स्टेशनाजवळ डॉक्टर बन्सीधर यांचा खाजगी दवाखाना होता. तिथे खिडकीपाशी मला जागा मिळाली.

सुरुवातीला लोक नुसते तोलून घ्यायला यायचे. पटका काढून ठेवायचे, श्वास रोखून माझ्या लोखंडी पाटावर उभे राहायचे. दवाखान्यात काम करणारी सुईण तानुबाई दर आठवड्याला माझ्या दांडीला गोडंतेल लावायची. सगळे म्हणायचे, काटा खोटं बोलत नाही. मलाही ते खरं वाटायचं.

इंजिन ड्रायव्हर किशनराव भरायचे एकशे नव्वद रत्तल. किराणा दुकानदार सिद्रामप्पा एकशे अठरा. दोघे दोस्त होते आणि दोघांचा एकच वाद होता.

"आप्पा, मटणाबिगर अंगाला ताकद न्हाई," किशनराव म्हणायचे. "तुमचं लिंगधारी घर, घास-पाला खायलाय. काटाच सांगायलाय बघा."

"मग अंगठा धरून दवाखान्यात कोन येतंय? तुमी का मी?" सिद्रामप्पा हसून विचारायचे.

तेही खोटं नव्हतं. किशनरावांना रोज मटण आणि वर शिंदीची ताडी लागायची. त्यांच्या पायाचा अंगठा महिन्या-दोन महिन्यांनी टोमॅटोसारखा लाल होऊन सुजायचा. मटण कमी करा, शिंदी सोडा, पालेभाजी खा, असं डॉक्टर सांगायचे. ते मान हलवून निघून जायचे.

एकेचाळीस साली सिद्रामप्पांची बायको मल्लम्मा दवाखान्यात आली. तिला सातवा महिना होता. ती अठ्ठ्याऐंशी रत्तल भरली. डॉक्टरांनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. आत लाली नव्हती. त्यांनी लोहाचं औषध दिलं, पोटभर खायला सांगितलं आणि घरच्या लग्नासाठी ते तीन आठवडे गावी गेले.

सिद्रामप्पा तिला दर आठवड्याला माझ्याकडे आणू लागले. पहिल्या आठवड्यात ब्याण्णव, दुसऱ्या आठवड्यात सत्त्याण्णव. ते किशनरावांना ओढून घेऊन आले.

"बघा! पंधरा दिवसांत नऊ रत्तल. अंड्याला शिवलं न्हाई आमचं घर."

सिद्रामप्पांनी सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं. माझ्या दांडीवर थाप मारली. मलाही बरं वाटलं, हे कबूल करतो.

तानुबाईचं लक्ष मात्र माझ्याकडे नव्हतं. ती मल्लम्माच्या पायांकडे बघत होती. जोडवी बोटांत रुतली होती. तानुबाई खाली बसली, तिने नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खळगा पडला. तो भरून आला नाही.

"आप्पा, गूळ ठिवा खाली," ती म्हणाली. "ह्ये मांस न्हाई वाढलं. पानी भरलंय अंगात. डाक्टरसाबाला तार करा."

माझा आकडा बरोबर होता, मित्रांनो. पण तो कशाचा आहे हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी पोचले. त्यांनी लघवी तपासली, छाती ऐकली. मग विचारलं, "ही खाते काय?"

"दूध, तूप, डाळ, भाजी. काय कमी हाय आमच्यात?" सिद्रामप्पा म्हणाले.

"तिला इचारा," तानुबाई बोलली.

मल्लम्माने पदर सारखा केला. "समद्यांचं झाल्यावर बसते मी. भाकर ऱ्हाती. वरनाचं पानी ऱ्हातं. भाजी उरली तर उरली."

"अन् दूध?" सिद्रामप्पांनी विचारलं.

"तुमी पिता की."

सिद्रामप्पा भिंतीला टेकले. मग डॉक्टर म्हणाले, "जनावराच्या कलेजीच्या अर्काची सुई आहे. रक्त लवकर भरेल. घ्यायची की नाही, तुम्ही ठरवा."

"द्या साब. बाई वाचली पायजे," सिद्रामप्पा म्हणाले.

"न्हाई," मल्लम्मा म्हणाली. "सुई नगं. मला आधी जेवून तर बघू द्या."

डॉक्टरांनी पंधरा दिवसांची मुदत दिली आणि औषध वाढवलं. सिद्रामप्पा स्वतः चुलीपुढे बसून तिला पहिलं ताट वाढू लागले. शेवग्याचा पाला, मोडाची मटकी, घट्ट वरण, तीळ-गूळ, लिंबाची फोड आणि दूध. आठवड्याने ती माझ्यावर उभी राहिली. मी नव्वद दाखवलं. सिद्रामप्पांचा चेहरा उतरला, पण डॉक्टर हसले. अंगातलं पाणी उतरलं होतं. पुढे वजन सावकाश वाढलं, पापण्यांत लाली आली. आषाढात तिला मुलगी झाली, सुई न घेता.

किशनराव ही बातमी घेऊन घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या बायकोलाही, बायनाबाईला, तपासायला घेऊन आले. ती माझ्यावर चढली. पंच्याऐंशी रत्तल.

"आमच्याकडं तर रोज मटन शिजतंय," किशनराव डॉक्टरांना म्हणाले.

"फोडी तुमाला अन् पोरांला," बायनाबाई शांतपणे म्हणाली. "रस्सा उरला तर मला."

डॉक्टरांनी तिच्याही पापण्या पाहिल्या. लाली नव्हती. त्यानंतर मटण चांगलं की भाजी, हा वाद त्या खोलीत मी ऐकला नाही. किशनरावांनी शिंदी सोडली, मटण फक्त बाजारच्या दिवसापुरतं ठेवलं आणि त्यातली कलेजी बायनाबाईच्या ताटात पडू लागली.

अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शनच्या गडबडीत दवाखाना बंद पडला. मला मागच्या खोलीत ढकललं. आता माझी दांडी गंजली आहे आणि आकडा तीन रत्तलाने चुकतो. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. तुमच्या घरी सगळ्यांच्या शेवटी कोण जेवतं? आज त्यांच्याशेजारी जाऊन बसा आणि भांड्यात काय उरलंय ते बघा.