मुद्देमाल क्रमांक सात

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. माझ्या गळ्यात सुतळीने बांधलेल्या चिठ्ठीवर मात्र ‘हत्यार’ असं लिहिलंय. सहा वर्षं झाली, तो शब्द मला अजून उमगलेला नाही.

माकणीच्या गुंडाप्पाने मला वेळूच्या बेटातून तोडलं, विस्तवावर धरून सरळ केलं आणि करडईचं तेल पाजलं. पंधरा वर्षं मी त्याच्या शेरडांमागे फिरले. बाभळीच्या शेंगा झोडायच्या, चुकार शेळीला कळपात वळवायचं, एवढंच माझं काम. “अशी काठी साऱ्या गावात न्हाय,” असं तो पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा.

मग एका पुढाऱ्याला अटक झाली आणि बंदची हाक आली. मोर्चासाठी गावातून टेम्पो भरून माणसं निघाली. गुंडाप्पाचा मुलगा शिवशंकर मला घेऊन निघाला, तेव्हा म्हातारा म्हणाला, “काठी कशाला? तिथं काय शेरडं हाकायचीत व्हय?”

“सगळ्यांच्याच हातात हायती, आबा.”

तालुक्याच्या स्टँडवर जमावाने एसटी अडवली. काचा फुटल्या. काही जण ड्रायव्हरला खाली ओढू लागले, तशा कंडक्टर दीपालीताई दारात आडव्या उभ्या राहिल्या. कोण काय ओरडतंय ते कळेना. मी वर गेले आणि त्यांच्या उजव्या हातावर आदळले. हाड मोडल्याचं मला आधी कळलं, त्यांना नंतर.

शिवशंकर जागीच थिजला. “ताई, लई लागलं का हो?” म्हणत त्याने त्यांना धरून खाली बसवलं. मी त्याच्या हातून गळून पडले. पोलिसांनी मला उचललं, त्यालाही नेलं.

खटला उभा राहिला तेव्हा एकोणीस आरोपी होते. बाकीच्या साक्षीदारांना कुणाचाच चेहरा आठवेना. शिवशंकरच्या वकिलांनी दीपालीताईंना विचारलं, “एवढ्या गर्दीत तुम्ही याला कसं ओळखलं?”

“मारल्यावर यांनीच विचारलं, लागलं का म्हणून. दुसऱ्या कुणीच विचारलं नाही. तो चेहरा कसा विसरेन?”

वकील खाली बसले. सतरा जण पुराव्याअभावी सुटले. शिवशंकर आणि आणखी एक जण दोषी ठरले. पुढाऱ्याचं नाव कागदात कुठंच नव्हतं.

“शिक्षेबद्दल काही सांगायचंय?” न्यायाधीशांनी विचारलं.

“व्हय साहेब, मारलं. ताईंशी माझं वैर न्हवतं. का मारलं, ते मलाच सांगता येईना.”

तीन वर्षं सक्तमजुरी झाली. त्याची बायको दैवशाला मागच्या बाकावर होती. ती उभी राहिली, ती बसलीच नाही.

मी पार गोंधळले. न विचारता पळाला असता, तर तोही सुटला असता का? मग त्याने विचारलं ते चुकलं? पण दीपालीताईंची बोटं आजही नीट मिटत नाहीत. मग शिक्षा चुकली असं तरी कसं म्हणू?

पोलीस शिपाई मला घेऊन व्हरांड्यात उभा होता. गुंडाप्पा दीपालीताईंजवळ आला.

“आबा, मी खोटं बोलायला हवं होतं का?” त्यांनी विचारलं.

म्हातारा त्यांच्या हाताकडे बघत राहिला. “न्हाय, बाई. तुमी खरंच सांगितलाव. पर तेनं इचारलं, ते बी खरंच हुतं की.”

दोघंही तिथल्याच बाकावर बसले. माझ्याकडे गुंडाप्पाने पाहिलंही नाही.

अपिलाची मुदत संपली, की मला नष्ट करायचा हुकूम आहे. त्याआधी एवढंच सांगते, मित्रांनो. सगळ्यांच्या हातात आहे म्हणून तुम्ही काठी उचलू नका. आणि तुमच्या हातून कधी कुणाला लागलंच, तर पळू नका. जवळ जाऊन विचारा. त्यापायी शिवशंकर तुरुंगात गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तरीही विचारा.