दारातली गुळणी

मी एक जुनी, चपटी बाटली आहे. निळ्या माउथवॉशची, प्रवासात खिशात मावेल एवढी. माझं लेबल घासून पांढरं पडलं आहे आणि झाकणाला तडा गेला आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, चार घोटांच्या बाटलीची कसली आली आहे कहाणी! आधी ऐका तरी, मग खुशाल नाकं मुरडा.

कारखान्यात आम्ही बहिणी पट्ट्यावरून रांगेने सरकत होतो. तोंडाचा वास घालवायचा आणि तोंड स्वच्छ ठेवायला हातभार लावायचा, एवढंच आमचं काम. दुकानाच्या फळीवरून मला एका वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याने उचललं. तो गावोगाव फिरून दुकानांतले आणि गोदामांतले काटे नीट करायचा. घरी त्याची थोरली बहीण, अक्का होती. तिला दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं होतं. शरीराने ते नाकारू नये म्हणून ती रोज गोळ्या घेई. त्या गोळ्यांनी तिची रोगाशी लढायची ताकद कमी झाली होती. साधा ताप-खोकलाही जिवावर बेतू शकतो, असं डॉक्टरांनी दोघांना बजावलं होतं.

त्यात ताप-खोकल्याच्या विषाणूची साथ आली. भाऊ परगावाहून आला की दाराबाहेरच्या नळाशी थांबे, हात धुई आणि माझा एक घोट घेऊन खळखळून गुळणी करी. अक्का आतून विचारी, "गुळणी केलीस का?" तो "केली" म्हणे. मग कडी निघे. मी संपले की तो मोठ्या बाटलीतून मला पुन्हा भरी.

डॉक्टरांनी खरं तर वेगळंच सांगितलं होतं. प्रवासात मास्क लावायचा, घरी आल्यावर काही दिवस बाहेरच्या खोलीत वेगळं राहायचं, खिडक्या उघड्या ठेवायच्या. सुरुवातीला दोघांनी सगळं पाळलं. पण मास्कने कान दुखत, खिडकीतून गार वारा येई, आणि माझी गुळणी मात्र बोलता बोलता उरके. हळूहळू बाकीचं सुटलं आणि मी तेवढी उरले. अक्का तर शेजारणीला सांगे, आमच्या बाटलीपुढे विषाणूची काय बिशाद! मी हरभऱ्याच्या झाडावर चढले नाही, असं कसं म्हणू?

मग तो दौरा आला. मालाच्या टेम्पोत शेजारी बसलेला माणूस वाटभर खोकत होता. परतीच्या आधी भावाचाही घसा खवखवू लागला. त्याने सकाळी गुळणी केली, दुपारी पुन्हा केली. माझ्या पुदिन्याच्या गारव्याने घटकाभर बरं वाटे, आणि त्याला वाटे, गेलं दुखणं. एरवी वजन वाढवायला काट्यावर हळूच बोट टेकवणारा दुकानदार त्याच्या नजरेतून सुटत नसे. आज मात्र भाऊ माझ्या गारव्याने स्वतःच्याच घशाला फसवत होता. अरे बाबा, मी खवखव झाकते आहे, घालवत नाही! पण बाटलीला जीभ कुठे असते?

दारात अक्काने नेहमीचं विचारलं, त्याने नेहमीचं सांगितलं. बरेच दिवस एकटी असलेल्या अक्काने पत्ते काढले. खिडकी लावून दोघं खेळत बसले. ती सारखी जिंकत होती आणि त्याला चिडवत होती. तो हसता हसता खोकला, तेव्हा माझं पाणी पाणी झालं.

चार दिवसांत अक्काला ताप चढला, श्वास लागला आणि रुग्णवाहिका आली. भाऊही आजारी पडला होता; तो बरा झाल्यावर त्याला रुग्णालयात तिच्या खोलीच्या काचेपर्यंत जाऊ दिलं. पलीकडे अक्का, नाकाला प्राणवायूची नळी. दोघांच्या कानाला फोन होते आणि मी त्याच्या खिशात होते.

"अक्का, त्या दिवशी दारात माझा घसा दुखत होता."

ती म्हणाली, "मी गुळणीचंच विचारत बसले. पण तू तरी सांगायचं ना रे."

त्याने खिशावरूनच मला मुठीत दाबलं. माझी इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

अक्का घरी आली, पण त्या मूत्रपिंडाला धक्का बसला आहे. ते किती साथ देईल, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. मी आता मोरीच्या फळीवर असते. परवा भाऊ दौऱ्यावरून आला, तेव्हा आतून प्रश्न आला, "घसा कसा आहे?"

"जरा खवखवतोय," तो म्हणाला.

कडी निघाली नाही. तो बाजूच्या दाराने बाहेरच्या खोलीत गेला. अक्का मधल्या बंद दाराच्या अलीकडे खुर्ची ओढून बसली आणि तिथूनच त्याच्याशी बोलत राहिली.

मित्रांनो, मला जरूर वापरा, तोंड स्वच्छ ठेवा. पण आपल्या माणसाच्या जिवाची राखण माझ्या एकटीच्या गळ्यात घालू नका, तेवढी माझी ताकद नाही. अंगात काही दुखत असेल, तर दारातच सांगा. दार बंद असलं तरी बोलता येतं.