मधलं पेडल

वीस वर्षं मी मिशनच्या दवाखान्याची गाडी चालवली, आणि वीस वर्षांत ‘यशयाला गाडी येत नाही’ असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. सेहेचाळीस साली लढाईतून मोकळी झालेली एक लष्करी गाडी दवाखान्यानं घेतली, आणि अकरा दिवसांत ते वाक्य म्हणायची पाळी माझ्यावरच आली.

आमचा दवाखाना नगरहून नेवाशाला जाणाऱ्या रस्त्यावर, घाट उतरल्यावर. आमची जुनी गाडी फोर्ड, उंच चाकांची. तिला तीन पेडलं. डावं पूर्ण दाबलं की गाडी हळूच्या गिअरात, अर्ध्यावर धरलं की मोकळी, आणि पाय काढला की जोराच्या गिअरात. मधलं दाबलं की गाडी मागं. उजवं ब्रेकचं. गॅस, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणं, पायाला नाहीच, तो हाताला, स्टिअरिंगच्या चाकाखालच्या दांडीवर. आतली दातेरी चाकं कायमची एकमेकांत बसलेली आणि त्यांना पट्टे घातलेले. पेडल दाबलं की त्याचा पट्टा आवळायचा आणि तो गिअर लागायचा. घालायचं-काढायचं काही नाही, दात वाजायची भीती नाही. लढाईच्या दिवसांत ब्रेकचा पट्टा झिजून कागद झाला आणि नवा कुठं मिळेना. तेव्हापासून उतारावर मी डावं पेडल दाबून गाडी आवळून धरायचो, आणि अगदीच अंगाशी आलं तर मधलं, मागं जायचं, दाबायचो. गाडी जागच्या जागी गपकन थांबायची. डॉक्टर मडम म्हणायच्या, “यशया, हे गाडीला चांगलं नाही.” मला चांगलं होतं, तेवढं पुरे होतं.

नव्या गाडीलाही तीनच पेडलं होती. सगळा घोळ तिथंच झाला. चार असती तर मी पहिल्या दिवसापासून जपून राहिलो असतो. इथं डावं क्लचचं, ते दाबलं की इंजिन आणि चाकं यांचा संबंधच तुटतो. मधलं ब्रेकचं. उजवं गॅसचं. म्हणजे माझा जो ब्रेक, तो इथं गॅस. आणि उतारावर गाडी धरायला मी जे पेडल दाबायचो, ते दाबलं की इथं गाडी सुटायची.

गाडी आणली थॉमसनं. हा राहुरीचा पोरगा, सव्वीस वर्षांचा, पाच वर्षं लष्करात ट्रक हाकून आसामातून परतलेला. डॉक्टर मडम अमेरिकेच्या, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

“यशया, पंधरा दिवस थॉमसकडून शिकून घ्या. मग तुम्ही रुग्णांना घेऊन गाडी चालवू शकता की नाही, ते थॉमस मला सांगेल. तो नाही म्हणाला, तर गाडी त्याच्याकडे.”

ड्रायव्हरच्या दोन खोल्यांविषयी मडम काही बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती. दवाखान्याच्या मागच्या त्या खोल्या ड्रायव्हरच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न झाल्यावर मी तिथंच राहायला आलो होतो. पण खरं सांगतो, मला खोल्यांचं एवढं वाटलं नाही. चाळीस गावांत माझं नाव ‘डायवर यशया’ होतं. त्यातला डायवर काढला तर उरतो कोण?

पहिल्याच दिवशी थॉमसनं मला गाडीत बसवलं. “काका, क्लच दाबा. गिअरचा दांडा मधी आना. क्लच सोडा. वाईच गॅस द्या. पुन्ना क्लच दाबा, आन मंग खालचा गिअर टाका.”

“येकदा दाबलाय की. दोनदा कशापायी?”

“आतली दोन चाकं येगयेगळ्या येगानं फिरत्यात, काका. येग जुळला तरच दातात दात बसतोय. न्हाईतर...”

न्हाईतर काय, ते गाडीनंच सांगितलं. खर्रर्र असा आवाज झाला की वऱ्हांड्यातले रुग्ण उठून बसले आणि स्वयंपाकघरातून आचारी धावत बाहेर आला. थॉमसनं दांडा परत मधे आणला. चुकलं तरी तो कधी रागवत नसे, याचाच मला जास्त राग यायचा. चार शिव्या दिल्या असत्या तर मीही चार दिल्या असत्या आणि मन मोकळं झालं असतं.

चहाच्या वेळी तो मला गिअरांच्या गोष्टी सांगायचा, मी रागावू नये म्हणून. नव्या मोटारींत वरच्या गिअरांना म्हणे पितळेचं कडं असतं. ते चाकाला आधी घासतं, वेग जुळवून देतं आणि मग दात बसतो, म्हणून दोनदा क्लच दाबावा लागत नाही. नगरला लष्कराच्या चिलखती गाड्या आहेत, त्यांची तऱ्हा आणखी वेगळी.

“तितं गिअर आदीच निवडून ठिवायचा, बारक्या दांडीनं,” थॉमस म्हणाला. “गिअर लगीच पडत न्हाई. वळन आलं, चढ आला की पेडल दाबायचं, तवा पडतो. आन काका, त्या आतून तुमच्या फोर्डावानीच हायेत. पट्ट्यांच्या.”

“बघ!” मी म्हणालो. दोन दिवस मी ही गोष्ट दवाखानाभर सांगत फिरलो.

“आसामात अमेरिकन पोरं तर सांगायची, त्यांच्याकडं काई मोटारींना क्लचच न्हाई. तेलाच्या जोरावर गाडी आपली आपन गिअर बदलती.”

“मंग डायवर कशाला पायजे?”

थॉमस हसला. मी हसलो नाही.

घरी मी जमिनीवर तीन विटा मांडल्या आणि खुर्चीत बसून पाय घोकायला लागलो. डावं क्लच, मधलं ब्रेक, उजवं गॅस. तोंडाला ते पाठ झालं, पायांना होईना. जेवताना पाय हलायचे. रविवारी ख्रिस्तमंदिरात पाळकसाहेबांनी ‘आपण प्रार्थना करू या’ म्हटलं आणि माझा डावा पाय सरळ खाली गेला. पुढच्या बाकावरची म्हातारी माझ्या पायाखालचा पदर सोडवून घेत माझ्याकडे असं बघायला लागली की मला डोळे मिटावे लागले.

कृपा, माझी बायको, दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “आवं, विटा पार झिजवल्या तुमी. किती दाबताय? बोलून टाका ना मडमला, न्हाई जमत म्हनून.”

“कुनाला न्हाई जमत?”

“मला,” ती म्हणाली आणि विटा उचलून चुलीपाशी ठेवल्या. मी त्या परत आणून मांडल्या.

हळूहळू जमू लागलं, हेही सांगायला हवं. सातव्या-आठव्या दिवसापासून सपाट रस्त्यावर गाडी माझं ऐकायला लागली. दांडा न खरडता गिअर पडायचा तेव्हा आत काहीतरी गार व्हायचं. पण मला प्रत्येक वेळी आधी विचार करावा लागायचा, आणि फोर्डात मी वीस वर्षांत कधी विचार केला नव्हता.

अकराव्या दिवशी दुपारी जेऊरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीवरून निरोप आला. लंकाबाई नावाची बाई बाळंतपणात दोन दिवस अडली होती. मडम म्हणाल्या, ताबडतोब आणा. घाट चढून जाताना गाडी मी चालवली, रिकामीच होती. चांगली चालवली. वाडीवर लंकाबाईला खाटेसकट उचलून मागं घेतलं, तिची सासू आणि नवरा पुंजाराम तिच्याजवळ बसले. बाईचा चेहरा मातीसारखा झाला होता.

थॉमस म्हणाला, “काका, आता मी घेतो.”

त्या वेळी मी बाजूला सरकायला हवं होतं. पुंजाराम ऐकत होता, वाडीची माणसं भोवती उभी होती, आणि त्यातल्या निम्म्यांना मी कधी ना कधी दवाखान्यात पोचवलं होतं. “मी आनली, मीच नेतो,” म्हणालो आणि स्टिअरिंगमागं बसलो.

इमामपूरच्या घाटाच्या तोंडाशी थॉमस म्हणाला, “गिअर उतरवून घ्या, काका.” मी हो म्हणालो. मागून लंकाबाई ओरडली, माझं चित्त तिकडं गेलं, आणि उतार सुरू झाला तेव्हा गाडी वरच्याच गिअरात होती. ती वेग घ्यायला लागली. मला भीती वाटली, आणि भीती वाटल्याबरोबर पाय माझे राहिले नाहीत. डावा पाय पेडलावर पडला आणि पूर्ण खाली गेला, फोर्ड आवळून धरायची तसा.

इंजिनाचा आवाज बसला आणि गाडी जोखड काढलेल्या बैलासारखी सुटली. फोर्डाचा पट्टा घसरला तर पेडल आणखी जोरात दाबायचं असतं. मी आणखी जोरात दाबलं. थॉमस ओरडला, “काका, डावा पाय काढा!” मला ऐकू आलं, पण कळलं नाही. पुढं वळण होतं, वळणावर मोरीचा कठडा, आणि कठड्यापलीकडं काहीच नव्हतं. मागं खाट सरकली, सासूनं देवाचं नाव घेतलं. माझा उजवा पाय उचलला गेला आणि सगळ्या अंगाचा भार घेऊन मधल्या पेडलावर बसला.

गाडी थांबली. कठडा हातभर लांब होता.

थॉमसनं हातब्रेक ओढला. मग पुंजाराम मागून म्हणाला, “लई सांभाळलं डायवरसाहेब तुमी.” थॉमसनं मला हलकेच पलीकडं सरकवलं आणि तिथून पुढं गाडी त्यानं चालवली. मी त्याला अडवलं नाही.

तासाभरात लंकाबाईला मुलगी झाली, दोघी वाचल्या. पुंजाराम वऱ्हांड्यात भेटेल त्याला सांगत होता की यशयानं घाटात सुटलेली गाडी कशी थांबवली. डॉक्टर मडम हात पुसत बाहेर आल्या.

“थॉमस, घाटात काय झालं?”

“गाडी वाईच सुटली हुती, मडम. काकांनी टायमाला ब्रेक लावला.”

“मग आजच सांग. यशया ही गाडी चालवू शकतील?”

“व्हय मडम. चालवतील.”

मडमनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि आत गेल्या. अकरा दिवस ज्या शब्दासाठी तळमळलो तो कानावर पडला, पण तो मला घेता येईना. मी थॉमसचा दंड धरून त्याला गाडीमागं नेलं.

“खोटं का बोल्लास?”

“काय खोटं?”

“मी ब्रेक लावला न्हाई. मी...”

“ठावं हाय मला,” थॉमस म्हणाला. त्याची नजर खाली होती. “पेडल दाबताना तुमी ‘मागं सर, मागं सर’ म्हनत हुता, काका. तुमी फोर्डाचं मागं जायचं पेडल दाबत हुता. हितं तितं ब्रेक हुता म्हनून वाचलो.”

मी तोंडानं काही म्हणालो होतो, हे मला त्याच्याकडूनच कळलं.

“आन तरी व्हय म्हनलास? फुडच्या बारीला उजवं दाबलं तर? मागं बाई हुती, थॉमस!”

“मी न्हाई म्हनलो तर गाडी कुनाला मिळती?” तो एकदम चिडला, पहिल्यांदाच. “मला! खोल्या कुनाला? मलाच! पोटासाठी म्हाताऱ्याला खाली वढला, आसं राहुरीपातूर झालं आसतं. माझ्या तोंडून न्हाई निघायचं ते.”

मी त्याच्याकडे बघत राहिलो. माझी जागा घ्यायची त्याला लाज वाटत होती. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त त्याची माया आली. पण ही गोष्ट त्याच्या तोंडून निघणार नसेल, तर ती काढायला मागं मीच उरलो होतो.

मडमच्या खोलीत गेलो. त्या काही लिहीत होत्या. उभ्यानंच मी सगळं सांगितलं, वाडीवर थॉमस ‘मी घेतो’ म्हणाला तिथपासून. डावं पेडल का दाबलं ते सांगितलं, मधलं का दाबलं ते सांगितलं. “मडम, माझ्या पायांना आजून फोर्डच ठावी हाय,” मी म्हणालो. “त्यांना दुसरं शिकवाया माझ्यापाशी येळ न्हाई आन तुमच्यापाशी मान्सं मारायला न्हाईत. गाडी थॉमसला द्या.”

मडमनी चष्मा काढला. मी विचारलेलं नसतानाही त्या म्हणाल्या की खोल्यांचं बघू, तुम्हाला औषधाच्या खोलीत काम देऊ. मग थांबल्या आणि त्यांचा आवाज बदलला.

“थॉमस तुमच्या शेजारी बसला होता. त्याला हे कळलं नाही?”

‘कळलं होतं’ म्हटलं असतं, तर रुग्णांचा जीव पणाला लावून खोटी साक्ष देणाऱ्याला त्यांनी त्या संध्याकाळीच फाटकाबाहेर काढलं असतं. मडमना मी ओळखत होतो.

“न्हाई मडम. त्यो दरीकडं बघत हुता. त्याला काई दिसलं न्हाई.”

त्यांनी चष्मा परत चढवला आणि माझ्याकडे बघितलं.

“वीस वर्षांत तुम्ही माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीत, यशया,” त्या म्हणाल्या. “तेव्हा हेही खरंच असणार.”

मी मान खाली घालून हो म्हणालो, आणि गाडी आता तुझी आहे हे थॉमसला सांगायला बाहेर आलो.