नागपूरच्या भिंतीवरचा बर्फ

मी बर्फाचा नकाशा बोलतोय, आणि तोही नागपुरातून. हसा खुशाल, मला सवय आहे. पंखा पाचावर ठेवून घाम पुसत माझ्याकडे बघणाऱ्यांनी मला काही कमी चिडवलेलं नाही.

भारतात कुठे वर्षाला सरासरी किती बर्फ पडतो, ते मी रंगांनी सांगतो. काश्मीर, हिमाचल, सिक्कीमचे उंच भाग पांढरेशुभ्र. लडाखात थंडी मरणाची, पण बर्फ त्या मानाने कमी, म्हणून तिथे फिकट निळा. नागपूरवर नुसता शून्य. या घरातली मुलगी दीक्षा शाळेत असताना तिच्या बाबांनी, चंद्रभानजींनी, मला आणि पावसाच्या नकाशाला जोडीने विकत आणलं. पुढे ती धंतोलीच्या एका दवाखान्यात नर्स झाली आणि माझ्यावर कॅलेंडर टांगलं गेलं.

यंदा तिला हिमाचलात, लाहौलच्या एका दवाखान्यात नोकरी मिळाली. कॅलेंडर बाजूला सारून सगळ्यांनी मला पाहिलं आणि तिथेच घात झाला. लाहौलवर माझा आकडा होता तीनशे सेंटीमीटर.

चंद्रभानजी लकडगंजात आरागिरणीवर कामाला. लाकूड मोजून मोजून त्यांना सगळं जग फुटांतच दिसतं. त्यांनी टेप काढला, जमिनीपासून वर नेला. तीनशे सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ दहा फूट, तिथे थेट छत लागलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पंख्याच्याही वर बर्फ राहीन तिथं," ते म्हणाले. "मी पोरीले नाही धाडत."

दीक्षा उठली. आत जाऊन बॅगेत भरलेले कपडे बाहेर काढू लागली. माझा जीव कासावीस झाला. पोरीची नोकरी माझ्यापायी चालली होती आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता.

तिची आई कामिनीबाई मात्र शेजारच्या पावसाच्या नकाशापुढे जाऊन उभी राहिली.

"हे पाहा. आपल्या नागपुरात वर्षाचा एकशे पाच सेंटीमीटर, म्हणजे साडेतीन फूट पाऊस लिहून आहे. तुम्ही काय कंबरभर पाण्यातून जाता कामाले?"

चंद्रभानजी पावसाच्या नकाशाकडे वळले. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की माझा आकडा ही वर्षभराची बेरीज आहे. बर्फ पडतो, दबतो, वितळतो, पुन्हा पडतो. त्यांनी टेप गुंडाळला आणि स्वेटर कुठे चांगले मिळतात, एवढंच विचारलं. हुश्श! मी सुटलो.

परवा लाहौलहून दीक्षाचा व्हिडिओ कॉल आला. बर्फ कुठवर आला, असं बाबांनी विचारलं, तेव्हा तिने फोन पायांकडे वळवला. नुसते बूट बुडाले होते. दोघंही किती दिवसांनी मोकळं हसली.

आता माझ्यावर कॅलेंडर नाही. चंद्रभानजी रोज कामावरून आले की लाहौलवर अंगठा टेकवतात. हाताला भुसा असतो, तेल असतं. तिथला माझा पांढरा रंग पार काळपट झालाय. बर्फाच्या नकाशाला हे शोभत नाही, मला कळतं. पण दिवाळीच्या साफसफाईत माझी धूळ खुशाल झटका, तेवढा डाग मात्र पुसू नका. तिथे आमची पोरगी आहे.