साडेसात वीत

आमच्या ह्यांचा मोजपट्टीवर विश्वास नाही. पट्टी सरकते, तिचं टोक वाकतं आणि ऐन वेळी ती सापडत नाही. वीत कशी, जन्मापासून हाताला लावलेली. अंगठा ते करंगळी, नऊ इंच, चोख. कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी झाली, तिथेही कापडाचा तागा असो की पाण्याचं पिंप, आधी वीत टाकणार आणि मग बोलणार. मला बघायला आले तेव्हासुद्धा आमच्या ओसरीचा खांब मोजून गेलेले. मला नाही मोजलं, तेवढंच माझं नशीब.

ठाण्याला कोलशेतला फ्लॅट घ्यायचं खूळ डोक्यात शिरलं ते भाऊंमुळे. भाऊ म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, देवरुखकडे गावी असतात. सासरे अचानक गेले तेव्हा भाऊंनी स्वतःची शाळा सोडली, नांगर धरला आणि ह्यांना शिकवलं. सहा फुटांच्या वर माणूस. गावात कुणाचं कौल सरकलं की शिडी शोधण्याआधी भाऊंना हाक जायची.

तेव्हा आम्ही डोंबिवलीत राहायचो, मानपाड्याच्या बाजूला, चाळीत एका खोलीत. वर्षातून एकदा भाऊ यायचे आणि झोपायची वेळ झाली की मोठा प्रश्न पडायचा. खाट, कपाट, ओटा आणि आम्ही तिघं सोडून जी जागा उरायची तिच्यात भाऊंचं धड मावायचं. पाय उंबऱ्याबाहेर, गॅलरीत. एकदा पहाटे दूधवाला त्या पायांना अडखळला आणि अख्खी किटली सांडली. चाळीतल्या बायका महिनाभर त्यावर हसल्या. भाऊंनी मात्र गुपचूप फडकं घेतलं आणि सगळी गॅलरी पुसली. त्यानंतर ते आले की जेवायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत. राहा म्हटलं की म्हणायचे, "खोली लहान नाही गो शीला, मीच लांब आहे."

ह्यांच्या ते मनाला फार लागलेलं. "माझ्या घरात माझा भाऊ एकदा तरी पाय लांब करून झोपला पाहिजे," असं हे दर दिवाळीला म्हणायचे. शेवटी आमचा सर्वेश पुण्याला नोकरीला लागला, चाळीची खोली विकली, थोडं फंडातलं घातलं आणि आम्ही कोलशेतला घर बघायला गेलो.

बिल्डरने सॅम्पल फ्लॅट दाखवला. काय सांगू, मी तर चपला हातात घेऊन फिरले. राखाडी सोफा, पिवळ्या उशा, काचेचं टेबल, आणि बेडरूममध्ये पांढराशुभ्र पलंग, त्याच्यावर ट्रे, ट्रेमध्ये दोन रिकामे कप. अंथरुणात चहा पिणारी माणसं दात कधी घासतात देव जाणे, पण दिसत होतं सुंदर. खोल्या बेताच्याच, तरी सगळीकडे ऐसपैस. हे पलंगाशी थांबले ते हलेचनात. मला म्हणाले, "भाऊंसाठी अस्साच."

सेल्सच्या मुलीने आधीच बजावलेलं, फोटो काढायचे नाहीत, मापं घ्यायची नाहीत. झालं. ह्यांना चादर एकदम आवडली. तिच्यावरून हात फिरवतायत, ओठ हलतायत. ती मुलगी मला हळूच विचारते, "काका जप करतायत का?" मी म्हटलं, हो, गुरुवार आहे ना. तिकडे वीत चाललेली. मग सोफ्याचं कापड आवडलं, टेबलाची काच आवडली, खुर्च्यांची पाठ आवडली. परत येताना रिक्षात माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पलंग साडेसात वीत." तेव्हाच मला साडेसाती आठवायला हवी होती.

ताबा मिळाल्यावर आधी ठाण्यातल्या एका शोरूममध्ये गेलो. तिथे मी सोफ्यावर बसले ती कौतुकाने नाही, किंमत वाचून. म्हणून मग आमच्या चाळीतल्या जनीमावशींच्या दिपेशला गाठलं. त्याचा मानपाड्याला फर्निचरचा कारखाना आहे. तो म्हणाला, फोटो दाखवा, तसंच्या तसं करून देतो, निम्म्या पैशात. फोटो आमच्याकडे नव्हता, पण जाहिरातीचा कागद होता आणि मापं होती. ह्यांनी ती व्हॉट्सॲपवर पाठवली. दिपेशने उलट विचारलं, "काका, पलंगाच्या डोक्याकडे हत्ती, ससे टाकू का? छान दिसतात." ह्यांना राग आला. लिहिलं, "आम्ही साधी माणसं आहोत. काही टाकू नकोस."

सामान आलं, आणि एका फेरीत लिफ्टने वर आलं. हे खूश. "बघ शीला, लिफ्टसुद्धा किती मोठी आहे आपली." मांडलं तेव्हा मलाही भरून आलं. हॉल त्या सॅम्पल फ्लॅटसारखाच दिसत होता, केवढा मोकळा. मी पिवळ्या उशा ठेवल्या, ट्रेसुद्धा आणला. समोरच्या वासंतीताई बघायला आल्या आणि सोफ्यावर बसल्या. बसल्या त्या खालीच गेल्या. गुडघे हनुवटीला लागले. म्हणाल्या, "अगदी भारतीय बैठक वाटते हो." त्यांना उठवायला आम्ही दोघं लागलो.

खरं सांगायचं तर शंका मला तेव्हाच आलेली. जेवायला बसलं की ह्यांचे गुडघे टेबलाला खालून लागायचे आणि आमटी हिंदकळायची. तीन माणसांच्या सोफ्यावर आम्ही दोघं बसलो की तिसऱ्याला तोंडी निमंत्रण. पण मी पडले पाच फूट, मला जगातलं कुठलंही फर्निचर बरोबरच होतं. आणि ह्यांना काही बोलायची सोय नव्हती. भाऊंच्या खोलीतल्या पलंगावर तर प्लास्टिक तसंच ठेवलेलं. पहिला पाठ टेकणार तो भाऊ, असं ठरलेलं.

तो योगही आला. भाऊंना मोतीबिंदू झालेला, ऑपरेशन ठाण्याला करायचं ठरलं, पंधरा दिवस राहायचं ठरलं. आमचं गावी जाणं चार वर्षांत झालं नव्हतं, आणि डोळ्यांमुळे भाऊंचंही इकडे येणं थांबलेलं. एक गणपती ह्यांच्या गुडघ्यात गेला, एक माझ्या पोटाच्या ऑपरेशनात, बाकीचे ह्या फ्लॅटच्या नादात. व्हिडिओ कॉल व्हायचे, पण भाऊ फोन असा धरायचे की त्यांचं कपाळ आणि मागे छपराचे वासे, एवढंच दर्शन.

भाऊ येणार त्याच्या आदल्या दिवशी सर्वेश पुण्याहून आला. दुपारी दमून कुठे आडवा व्हावा, तर नेमका त्या पलंगावर. मी ओरडायला गेले आणि दारातच थांबले. पोराची दोन्ही पावलं घोट्यांपासून बाहेर लटकत होती.

"आई, हा पलंग कुणाचा आहे?"

हे धावत आले. आधी विश्वासच ठेवेनात. वाकून वीत टाकली. एकदा, परत एकदा. "साडेसात. माप बरोबर आहे."

"बाबा, माप कुठून घेतलं?"

"सॅम्पल फ्लॅटमधून."

सर्वेश पलंगावर उठून बसला आणि त्याला हसू आवरेना. "अहो बाबा, तिथलं फर्निचर मुद्दाम लहान करून घेतात. म्हणजे खोली मोठी दिसते. सगळ्यांना माहीत आहे हे." मग त्याने वर अंथरूण पाहून पाय पसरावे असं काहीतरी ऐकवलं. हे हसले नाहीत. पलंगाच्या कडेला टेकले आणि हाताकडे बघत बसले. साडेसात वीत म्हणजे पावणेसहा फूटसुद्धा नाही, हा हिशेब त्यांनी केलाच नव्हता. मला त्यांचा इतका राग आलेला, पाच-सहा टोमणे जिभेवर तयार होते, पण तो चेहरा बघून मी ते मागे ठेवले. वाया थोडेच जाणार होते.

दिपेशला फोन लावला. तो म्हणतो, "काका, मला वाटलं नातवाची खोली. म्हणून तर हत्ती विचारलेले." नवा पलंग करून द्यायला तो तयार होता, पण आठवडा लागणार होता. उद्या लाकूड बघून फोन करतो म्हणाला.

"आठवडाभर भाऊंनी काय करायचं?" हे मला विचारतात. "परत पाय बाहेर? आणि उद्या संध्याकाळी गाडी पकडतो म्हणाला तर?"

मग आम्ही तिघांनी डोकं चालवलं. हॉलमधल्या दोन पफी, ती बसायची गुबगुबीत स्टुलं, आणल्या, पलंगाच्या पायथ्याशी लावल्या, वर घड्या घातलेली गोधडी, मग सगळ्यावरून एक मोठी चादर. लांबून पाहिलं तर पलंग आगगाडीसारखा लांब दिसायला लागला. सर्वेशने झोपून दाखवलं. त्याच्या टाचा पफींवर नीट टेकल्या. हे म्हणाले, "भाऊ ह्याच्यापेक्षा चार बोटं उंच आहे, पण भागेल."

दुसऱ्या दिवशी सर्वेश भाऊंना आणायला एसटी स्टँडवर गेला. मी सोलकढी केली, भात टाकला. हे सकाळपासून तीनदा चादर सारखी करून आलेले. लिफ्ट थांबल्याचा आवाज आला तशी मी दार उघडलं. लिफ्टमधून आधी कुळथाच्या पिठाची पिशवी आली, मग सर्वेश, आणि त्याच्या दंडाला धरून भाऊ.

मी सर्वेशच्या मागे बघत राहिले. मला वाटलं, भाऊ अजून यायचेत.

पाठीला बाक आलेला. मान पुढे. सर्वेशच्या खांद्याला लागत होते. मी पाया पडायला वाकले तर हात डोक्यावर आला तो जवळूनच आला. एरवी तो फार वरून यायचा. "काय गो शीला, बरी हायस ना?" आवाज मात्र तोच. ते दारातून आत येताना चौकटीखाली वाकले, जन्मभराच्या सवयीने. चौकट त्यांच्यापासून कितीतरी वर होती.

हे पिशवी हातात धरून तसेच उभे. भाऊच म्हणाले, "बघतोस काय? गेल्या वर्षी पडलो खळ्यात. माकडहाड. तुला कशाला सांगायचं, तू धावत आला असतास."

जेवण झालं. भाऊ त्या ठेंगण्या सोफ्यावर आरामात बसले, टेबलाशीही त्यांचे गुडघे कुठे लागले नाहीत. आमटी हलली नाही. मग डोळे मिटायला लागले तसं हे त्यांना खोलीत घेऊन गेले. मी पाठोपाठ गेले, म्हटलं पफी घसरली तर धरायला कुणीतरी हवं.

भाऊ पलंगावर बसले, हळूच आडवे झाले. पाठ वाकडी, म्हणून मी एक उशी जास्त दिली. मग त्यांनी पाय लांब केले. पूर्ण लांब केले. टाचा पलंगावरच राहिल्या. पफींपर्यंत पोचल्यासुद्धा नाहीत.

त्यांनी डोळे मिटले. "महिपत, ऐसपैस आहे रे. माझ्या मापाचा करून घेतलास?"

"हो भाऊ," हे म्हणाले.

"तुला बरं लक्षात राहिलं माझं माप."

हे पायथ्याशी उभे होते. भाऊंचे डोळे मिटलेले आहेत असं बघून ते वाकले, आणि भाऊंच्या टाचांपासून पलंगाच्या कडेपर्यंतच्या त्या उरलेल्या जागेवर अंगठा टेकवून हात पसरला. वीतभर जागा होती. हात उचलायचा सोडून तसाच ठेवून बसले. मला रडू आवरेना, मी तोंडाला पदर लावला. तरी मनात आलं ते आलंच, की ह्या माणसाने आयुष्यभर सगळं मोजलं आणि चार वर्षं गावी जायचं तेवढं राहिलं. ते राहिलं तर माझंही राहिलं.

मी पफी उचलून एकेक बाहेर नेल्या. तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. दिपेश होता. लाकूड मिळालं म्हणत होता, सव्वासहा फुटांचा धरू का विचारत होता.

ह्यांनी खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.

"नको रे," म्हणाले. "माप बरोबर आलं."