बारा व्होल्टची शपथ

उत्तम वायरमनची हत्यारांची पिशवी माळ्यावर तांदळाच्या डब्यामागे पडून होती. ती तिथे आहे हे उत्तमला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे शेवंतीलाही ठाऊक होतं. पण नवराबायको त्यावर एक अक्षर बोलत नसत.

मोहने गावच्या रेयॉनच्या कारखान्यात उत्तमने उमेदीची सगळी वर्षं काढली. चारशे चाळीस व्होल्टच्या मोटारी, माणसाच्या मनगटाएवढ्या केबली, हेच त्याचं जग. कारखाना बंद पडला तेव्हा त्याने हाय खाल्ली नाही. पिशवी खांद्याला लावली आणि घरोघरची वायरिंगची कामं धरली. मग एके दिवशी डोंबिवलीच्या एका सोसायटीत, पंपाच्या खोलीत, पायाखाली ओल आणि हाताशी उघडी वायर असं जमून आलं. विजेने त्याला उचलून भिंतीवर फेकलं. तो वाचला, पण हृदयाचे ठोके ताळ्यावर यायला फार दिवस लागले. घरी आल्यावर शेवंतीने त्याचा उजवा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला.

"माझी शपथ आहे. परत करंटला हात लावायचा नाही."

उत्तमने शपथ पाळली. घरातला बल्ब गेला तर शेजारचा संदेश यायचा आणि उत्तमने स्टूल धरून उभं राहायचं. संदेश बँकेत कामाला. बल्ब लावताना म्हणायचा, "काका, घट्ट धरा हां." उत्तम घट्ट धरायचा. पण त्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही, आणि शेवंती ताटातला उरलेला भात बघून ताट उचलायची.

अशातच एका सकाळी दिपेश पाटील दारात उभा राहिला. पाटलांचं घर मोहन्यातलं जुनं, शेतीवाडीचं. थोडी जमीन बिल्डरला गेली, उरलेल्या जागेत उल्हास नदीच्या उतारावर दिपेशने मोठं घर बांधलं. मागच्या बाजूला लाकडी फळ्यांचा प्रशस्त ओटा केला. दिपेश त्याला डेक म्हणायचा, त्याची म्हातारी आई ठमाबाई मचाण म्हणायची. त्या मचाणावरून थेट नदीपर्यंत दगडी पायऱ्या उतरत गेल्या होत्या.

"काका, अडकलोय," दिपेश बसता बसता म्हणाला. "जागृतीची हळद आलीय तोंडावर. आमच्यात हळदीच्या तिन्हीसांजेला घरातल्या मोठ्या बाईने नदीवर दिवा ठेवायचा असतो. आईला धड दिसत नाही. त्या पायऱ्यांवर काळोख. मी ठाण्याहून पायरीचे लाईट आणलेत, आणि आमचा मुकुल इलेक्ट्रिशियन लग्नसराईत कुठे गायब झालाय देव जाणे."

"आईऐवजी दुसरं कोणी ठेवील दिवा," शेवंती आतूनच म्हणाली.

"काकी, तुम्ही सांगून बघा तिला! ती म्हणते, मी धवले गाऊन अख्ख्या गावाची लग्नं लावली, आणि नातीच्या हळदीला घरात बसू?"

"ह्यांनी काम सोडलंय."

"पण हे बारा व्होल्टचं आहे, काकी. स्कूटरच्या बॅटरीएवढंच."

उत्तम इतका वेळ जमिनीकडे बघत होता. त्याने मान वर केली. "बारा व्होल्टने मुंगीसुद्धा मरत नाही," तो हळूच म्हणाला.

"करंट तो करंट," शेवंती बाहेर आली. तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. असा चेहरा तिने किती दिवसांत पाहिला नव्हता. दुकानाच्या काचेला नाक लावून उभ्या पोराचा असतो तसा. तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मी बरोबर येणार. मी बसणार तिथं. प्लग मी लावणार आणि मीच काढणार."

"प्लग तू?"

"मीच. आणि काही वेडंवाकडं झालं तर ती पिशवी भंगारात. मग परत नाव काढायचं नाही."

उत्तमने मान हलवली. माळ्यावर पिशवी काढायला चढला तेव्हा स्टूल शेवंतीने धरलं.

पाटलांच्या डेकवर खोकं उघडलं. बोटाच्या पेराएवढे दिवे, एक डबी, आणि काळ्या जाड वायरचं भेंडोळं. डबी भिंतीतल्या प्लगला लावायची, ती घरची वीज उतरवून बारा व्होल्ट करून देणार. प्लगजवळ शेवंती पाट टाकून बसली. पिशवीतला टेस्टर तिने आधीच आपल्याकडे काढून घेतला होता. तिची अट अशी, की प्लग लावला की आधी तिने वायरला टेस्टर लावून बघायचं, मग उत्तमने हात लावायचा.

तिने लावला. उत्तमने चाचणीपुरता डबीला जोडलेला दिवा समोर लख्ख पेटला होता, पण टेस्टर मेल्यासारखा थंड.

"हा बिघडलाय का?"

"अगं, बाराला तो जागासुद्धा होत नाही."

शेवंतीने टेस्टर उलटसुलट करून बघितला. उत्तमने बोटांची उलटी बाजू हलकेच वायरला टेकवली. जुन्या वायरमनची ती सवयच. झटका बसला तर मूठ आपोआप मिटते. तळहाताकडून धरलेली वायर मग सुटत नाही, उलटी बाजू टेकवली तर हात बाजूला फेकला जातो. शेवंतीने प्लगवर हात ठेवला. पण हात फेकला गेला नाही. उत्तम हसला. त्या हसण्याने तिला आधी राग आला आणि मग बरं वाटलं.

खोक्यातलं काळं भेंडोळं उत्तमने हातात तोललं आणि बाजूला ठेवलं.

"दिपेश, ही दोरी म्हैस बांधायला आणलीस काय?"

"खोक्यातच होती, काका."

"एवढ्याशा काजव्यांना एवढी जाड वायर? लोकांना पैसे वर आलेत." त्याने पिशवीतून दाराच्या बेलसाठी वापरतात तसली बारीक वायर काढली. ती पायऱ्यांच्या सांध्यात सुबक बसत होती, दिसत नव्हती. चारशे चाळीस व्होल्ट हाताळलेल्या माणसाला बाराची कसली पर्वा?

काम त्याने मन लावून केलं. प्रत्येक दिवा पायरीच्या पुढच्या कडेखाली, तोंड खाली करून बसवला, म्हणजे उजेड पायावर पडावा, डोळ्यात जाऊ नये. जोडांत पाणी शिरू नये म्हणून नळ्या चढवल्या. ठमाबाई मचाणावर खुर्ची टाकून बसायची आणि वरून टोमणे मारायची.

"काय रं उत्तम, कवा व्हायचा तुजा काम? नातीची पोरां शालंत जातीन तवा?"

"आजी, तुम्ही गाणं पाठ करा. दिव्यांचं मी बघतो."

"माजे डोले गेले रं, गाना नाय गेला."

ज्या दिवशी शेवटचा दिवा बसला, त्या संध्याकाळी सूर्य नदीपलीकडे उतरल्यावर सगळे मचाणावर जमले. शेवंतीने प्लग लावला. वरच्या पायऱ्या अशा उजळल्या की जागृतीने टाळ्या वाजवल्या. पण उजेड जसजसा खाली उतरला तसतसा थकत गेला. मध्यावर पिवळट झाला, आणि नदीजवळच्या पायऱ्यांवर नुसती विझत आलेल्या विड्यांची टोकं दिसत होती.

ठमाबाई काठी टेकत उतरू लागली, मागे उत्तम. अर्ध्यापर्यंत ती भराभर आली. पुढे पाय चाचपू लागली. मग एका पायरीवर तिचा पाय हवेतच राहिला.

"हितं काल्लोख हाय," ती म्हणाली.

उत्तमने तिचं कोपर धरलं आणि तिला वर आणलं. दिपेशने चहा मागवला, आणि चहाचा कप हातात देताना फार हळू आवाजात म्हणाला, "काका, राग मानू नका. हळद परवावर आलीय. मुकुलला दुप्पट मजुरी देऊन बोलावू का?"

उत्तमने शेवंतीकडे पाहिलं नाही. वेडंवाकडं झालं तर पिशवी भंगारात, हे तिचे शब्द त्याच्या कानात होते. "उद्याचा दिवस दे," तो म्हणाला.

सकाळी तो पुन्हा पायऱ्यांवर. खालचा दिवा काढून वर लावला, वरचा खाली. खालचा वर जाऊन लख्ख पेटला, वरचा खाली येऊन मंदावला. म्हणजे दिव्यांत खोट नाही. मग त्याने एकेक जोड सोडला, तार घासली, पुन्हा पिळली. ऊन चढलं. शेवंतीने प्लग लावला. खालचे दिवे होते तसेच. तिने प्लग काढला, मांडीवर ठेवला. उत्तम पायरीवर मटकन बसला. घाम पुसायचंही त्याला सुचेना.

"चुकतंय कुठं तेच कळत नाही," तो म्हणाला. ते तो बायकोला म्हणाला की पायरीला, सांगता आलं नसतं.

शेवंती उठून त्याच्याजवळ जाऊन बसली. पायऱ्यांकडे बघत राहिली. घरी चल म्हणायला ती आली होती, पण तिच्या तोंडून दुसरंच निघालं.

"अहो, हे आपल्या चाळीतल्या नळासारखं झालंय."

"कसला नळ?"

"आपली खोली शेवटची. पाइप तो एवढासा, अर्ध्या इंची. पहिल्या खोलीवाल्यांची बादली धो धो भरते, मधल्यांची जरा कमी, आणि आपल्याकडे येईपर्यंत करंगळीएवढी धार. नळ बदलून काय उपयोग? मी दोनदा बदलला. पाइपच बारीक."

"विजेचं तसं नसतं गं. मी अख्ख्या कारखान्यात..." उत्तम बोलता बोलता थांबला.

त्याचा हात बाजूच्या बारीक वायरवर होता. कारखान्यात चारशे चाळीसातले पाच-सहा वाटेत जिरले तरी कोणाच्या खिजगणतीत नसायचे. इथे मुळात घागरीत बाराच. बारीक तारेने वाटेत दोन-तीन खाल्ले, तर शेवटच्या दिव्याच्या वाट्याला उरणार काय? ज्याला त्याने मुंगी मारायचंही बळ नाही म्हणून हिणवलं होतं, त्या बाराला सांभाळून न्यायला हवं होतं. त्याने कपाळावर हात मारला, आणि शेवंती घाबरून उठली.

"काय झालं? छातीत दुखतंय?"

"नाही गं! दुखत नाही!" तो उभाच राहिला होता. मचाणाकडे तोंड करून त्याने हाक मारली, "दिपेश! अरे दिपेश! ती म्हशीची दोरी कुठे टाकलीस?"

दिपेश कठड्यावरून वाकला. त्याला हसू आवरेना. "म्हैस आली वाटतं, काका?"

"आली. मीच तो रेडा. वायर जाड पाहिजे होती, तू बरोबर आणलीस, मी फेकली. आण लवकर."

मग संध्याकाळपर्यंत दोघं खपली. जाड वायर उत्तमने डबीपासून आधी सरळ पायऱ्यांच्या मध्यापर्यंत नेली, आणि तिथून एक फाटा वर, एक खाली काढला. "म्हणजे कोणाची खोली शेवटची राहणार नाही," तो म्हणाला. वायर धरायला तिसरा हात हवा होता. शेवंती पाट सोडून पायऱ्यांवर आली. तिने वायर ताणून धरली, तो जोडत गेला. एकदा प्लग चालूच राहिला होता हे दोघांच्या ध्यानात आलं, तेव्हा वायर तिच्या हातात होती. शेवंतीने वायर सोडली. मग हात पुन्हा पुढे केला, तळवा वर वळवून बोटांची उलटी बाजू उघड्या तारेला टेकवली. नवऱ्याने टेकवली होती अगदी तशी.

"काहीच नाही," ती म्हणाली.

"काहीच नाही," तो म्हणाला.

हळदीच्या तिन्हीसांजेला मांडवात स्पीकर दणाणत होता, तो दिपेशने हात करून बंद करायला लावला. ठमाबाई हिरवं लुगडं नेसून, ताटात दिवा घेऊन मचाणाच्या टोकाशी आली. काठी तिने जागृतीच्या हातात दिली. आणि गात गात उतरू लागली. वरच्या पायरीवर जेवढा उजेड, तेवढाच मधल्या, तेवढाच खालच्या. उजेडात तिचे पैंजण आणि सुरकुतलेली पावलं तेवढी दिसत होती, बाकी म्हातारी संध्याकाळच्या रंगात मिसळून गेली होती. जिथे तिचा पाय हवेत राहिला होता, त्या पायरीवर ती मुद्दाम थांबली. तिथे टाच दोनदा आपटून बघितली. खालून, गाण्याच्या दोन ओळींच्या मध्ये, तिचा आवाज आला:

"उत्तम, जाला रं तुजा काम!"

मांडवातले लोक हसले. नदीवर दिवा टेकला.

जेवणाच्या पंगतीत उत्तमच्या शेजारी सुहासिनीबाई म्हणून जागृतीच्या सासरकडच्या पाहुण्या बसल्या होत्या, कळव्याच्या. त्यांचं घर टेकडीच्या चढावर होतं आणि सासऱ्यांना पायऱ्या दिसत नव्हत्या. त्यांनी विचारलं, "काका, आमच्याकडे येऊन कराल का हो असं?"

उत्तमचा घास हातातच राहिला. त्याने समोरच्या पंगतीत बसलेल्या शेवंतीकडे पाहिलं. तिने ऐकलं होतं. तिने आधी तोंडातला घास संपवला, पाण्याचा घोट घेतला, मग कमरेला खोचलेला टेस्टर काढून पत्रावळींवरून त्याच्यापुढे धरला. उत्तमने तो घेतला आणि सदऱ्याच्या खिशाला लावला, कारखान्यात लावायचा तसा.

"बारा व्होल्टचं असेल तर येऊ," शेवंती सुहासिनीबाईंना म्हणाली. "त्याच्या वर बोलायचं नाही. आणि वायर जाड आणून ठेवा."

"बरं, बरं. आणखी काय लागेल?"

"प्लगजवळ एक पाट," शेवंती म्हणाली. "तिथं मी बसते."