खालचा संडास

"तो बंद आहे," अध्यक्ष म्हणाले आणि जिन्याखालच्या दाराकडे पाठ करून उभे राहिले. "आम्ही वरचाच वापरतो. चला मॅडम, वर चला."

नगरपालिकेच्या इंजिनिअर बाईंच्या हातात हिरव्या रंगाची बाटली होती. तपासणी साधी होती. संडासात रंग ओतायचा, भरपूर पाणी सोडायचं आणि तलावाच्या काठी जाऊन उभं राहायचं. पाणी हिरवं झालं, की त्या घराची घाण सरळ तलावात जाते हे नक्की.

ही तपासणी मागितली होती अध्यक्षांनीच. विमा कंपनीत ते कारकून होते. तिथे साहेबांच्या खोलीत उभ्यानेच जन्म गेला, बसा असं कुणी म्हटलं नाही. मग आमच्या गल्लीसमोरचा तलाव नासला आणि यांचं नशीब फळफळलं. तलाव बचाव समिती निघाली, हे अध्यक्ष झाले. पाणी जसजसं काळं पडत गेलं, तसतसे हे उजळत गेले. नाकाला रुमाल लावून वरच्या वस्तीकडे बोट दाखवणारा त्यांचा फोटो पेपरात दोनदा आला होता. घाण वस्तीचीच, हे त्यांनी एकदा ठरवलं आणि आम्ही सगळ्यांनी ते आनंदाने मान्य केलं. नवी गटारयोजना आम्हालाही हवीच होती, फक्त आमचा रस्ता खोदायला नको होता. वस्ती दोषी ठरली, की वस्तीतूनच खोदा म्हणायला आम्ही मोकळे.

इंजिनिअर बाई मात्र म्हणाल्या, "सुरुवात तक्रारदाराच्या घरापासून करू. म्हणजे वस्तीवाल्यांना बोलायला जागा नको."

वरचा संडास नंतर बांधलेला, मागच्या अंगणातल्या टाकीला जोडलेला होता. अध्यक्ष जिन्याची पहिली पायरी चढले, तोच आतल्या खोलीतून आवाज आला. "कोण म्हणतं बंद आहे?"

काठी टेकत त्यांची आई बाहेर आली. गुडघे गेल्यापासून ती जिना चढलेली नव्हती. तिच्या खाटेपासून जिन्याखालचं ते दार चार पावलांवर होतं. कुणालाही हाक न मारता ती करू शकेल असं तेवढंच एक काम तिच्याकडे उरलं होतं.

"आई, तू आत बस."

"आत काय बस? परक्या माणसासमोर बंद म्हणतोस? मग मी जाते कुठे रे, शेजाऱ्यांकडे?" तिने काठीनेच दार ढकललं. "बघा हो बाई. आज सकाळी घासलाय. एक डाग सापडला तर सांगा."

स्वच्छतेची तपासणी आहे, असं तिने धरलं होतं. इंजिनिअर बाईंनी आत डोकावून पाहिलं. संडास खरोखरच लख्ख होता. त्यांनी बाटली उलटी केली आणि पाणी सोडलं.

"पास ना?" म्हातारीने विचारलं.

"ते काठावर कळेल, आजी."

काठावर समिती फलक घेऊन उभी होती. फोटोवालाही आला होता. अध्यक्षांनी हौसेने बसवलेलं, स्वतःच्या नावाचं बाक तिथेच होतं आणि त्या बाकाखालीच पावसाच्या पाण्याचं गटार तलावात पडत होतं. थोड्या वेळात तिथून हिरवी धार लागली. पसरत पसरत ती फलकांसमोर येऊन थांबली.

"अहो, हे तर तुमचं!" खजिनदार किंचाळले आणि चार पावलं मागे सरले. त्यांच्या घराचा पाइपही त्याच गटाराला जोडलेला होता. आवाज एवढा चढला, तो त्यामुळेच. इतरांनीही फलक खाली केले आणि अध्यक्षांकडे असं पाहिलं, जणू आपापल्या घरी कुणी संडासाला जातच नाही.

वस्तीतली एक बाई कडेवर लेकरू घेऊन मजा बघत होती. ती म्हणाली, "साहेब, आता रुमाल काढा ना!"

त्याच संध्याकाळी खजिनदारांच्या घरी बैठक झाली. दोषी सापडलेला आहे, सबब पुढची तपासणी अनावश्यक आहे, असा ठराव आला. सगळ्यांचे हात झटकन वर गेले. अध्यक्षांनीही हात वर केला. एवढं केल्यावर तरी पद राहील, असं त्यांना वाटलं असावं. राहिलं नाही. अध्यक्षांची खुर्ची त्यांच्या घरातूनच आणलेली होती, ती मात्र दुसऱ्या दिवशी परत आली.

मग गवंडी आला. तक्रार एकाच घराविरुद्ध सिद्ध झाली होती, म्हणून त्या खालच्या संडासाचा एकच पाइप सिमेंटने बुजवला गेला. गटारयोजना आली की जोडून देऊ, असं सांगण्यात आलं. योजना पुढच्या टप्प्यात होती, आणि पुढचा टप्पा कधी, ते नगरपालिकेलाही ठाऊक नव्हतं.

म्हातारी दाराशी बसून बघत होती. "का रे बुजवतायत?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण चारचौघांत तोंड लपवून आलेल्या माणसाला घरात तरी मान वर ठेवायची होती. "बाईंना घाण सापडली," अध्यक्ष म्हणाले.

म्हातारीने डोळे बारीक करून आत पाहिलं. मग म्हणाली, "हल्ली नीट दिसत नाही रे मला."

सूनबाई म्हणाल्या, "मला हाक मारत जा, मी धरून नेईन." म्हातारीने हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कठडा धरून एकेक पायरी चढू लागली. अध्यक्षांनी धावत जाऊन समितीकडून परत आलेली खुर्ची जिन्याच्या वळणावर ठेवली. ती टेकली. समोरच्या खिडकीतून तलाव दिसत होता, नेहमीसारखाच काळा, आणि वासही तोच.

तिच्या पदराआड काहीतरी होतं. अध्यक्षांनी वाकून पाहिलं. घासायचा ब्रश होता.

"हा कशाला आणलास आई?"

"वरचा घासते. तोही बंद केला, तर पोरं कुठे जातील?"

ती उठू लागली, तशी खुर्ची हलली. त्यांनी हात पुढे केला.

"हात नको," ती म्हणाली. "खुर्ची धर."

त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. ती वर पोचेपर्यंत ते तसेच उभे होते, आणि वरून घासण्याचा आवाज येऊ लागल्यावरही.